पायधुणीचं पाणी

दसऱ्याला राणीसावरगावात वीरभद्राची पालखी निघायची आणि वेशीजवळ येऊन थांबायची. देवाला विडा मिळाल्याशिवाय ती तिथून हलत नसे. मग पुजारी साऱ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "विडा कुणाच्या मळ्याचा?" आणि गुरुसिद्धप्पा फेटा सावरत पुढे व्हायचे आणि म्हणायचे, "माझ्या मळ्याचा." विचारायची तशी काही गरज नव्हती, कारण गावात पानमळा तो एकच होता. पण मान म्हटला की विचारणं आलं, आणि गुरुसिद्धप्पांना ते विचारणं वर्षभर पुरायचं.

माणूस ताठ होता, पण ताठ असायला त्याच्याकडे कारणही होतं. त्या मुरमाड माळावर जिथे ज्वारी नीट उभी राहत नसे, तिथे त्यांच्या आजाने विहीर खणून, शेवरीची झाडं लावून त्यांवर पानवेल चढवला होता. मळ्याचं पान परभणीचे तांबोळी दुसऱ्या कुणाला दाखवायच्या आधी आपल्या टोपलीत ओढून घेत. बाहेर ऊन रणरणत असलं तरी मळ्यात शिरलं की अंगावर गार सावली पडे. पाहुण्याला मळा दाखवताना गुरुसिद्धप्पा स्वतः काही बोलत नसत, पाहुणा काय बोलतो याची वाट बघत उभे राहत.

या घरात शांतम्मा सून म्हणून आली, आणि ताठपणात ती सासऱ्याला हार जाणारी नव्हती. तिचं माहेरही पानमळ्याचंच. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात वेल बांधायला बसली तेव्हा जुना गडी सटवाजी तिची गाठ बघून हसला होता. सगळे लव्हाळ्याची पात वेलाभोवती घेऊन पुढे गाठ मारतात. ही मागे शेवरीच्या अंगाला गाठ मारून पातीचं टोक आत खुपसायची. पुढे गाठ असली की वाऱ्यात पान घासून फाटतं, असं तिचं म्हणणं. सटवाजीने तिला 'माहेरची गाठ' असं नाव ठेवलं आणि वर्षभर चिडवलं. तिने चिडूनही गाठ बदलली नाही. गुरुसिद्धप्पांनी एकदा त्या वेलाची पानं उलटीपालटी करून पाहिली, "हं" म्हणाले आणि पुढे गेले. त्या घरात "हं" म्हणजे शाबासकी होती, हे शांतम्माला लवकर कळलं. सासरा आणि सून अशी दोन ताठ माणसं दोन बाजूंना असल्यामुळे तिचा नवरा वीरुपाक्ष जेवताना ताटाकडेच बघत जेवायचा, आणि त्यात त्याचं शहाणपणच होतं.

मळ्याचा एक रिवाज होता. कवाडाच्या बाहेर एक मोठा काळा दगड मांडलेला होता. पायधुणीचा दगड. वहाणा दूर काढायच्या, दगडावर उभं राहायचं, घरच्या बाईने तांब्याने पाय धुवायला पाणी घालायचं, मगच आत पाऊल टाकायचं. तहसीलदार आला तरी त्याला हा नियम चुकला नव्हता. आणि त्या दगडावरचं पाणीही वाया जात नसे. आजाने दगडाच्या कडेला नाळी कोरून काढली होती. ती कुंपणाखालून, फरशीच्या आडून, कवाडाकडच्या वाफ्यांच्या पाटाला जाऊन मिळायची. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाचं पाणी म्हणजे मळ्याचा प्रसाद, ते उंबऱ्याबाहेर सांडू द्यायचं नाही, असं आजा सांगून गेला होता. माळावर पाण्याला किंमत होती, त्यामुळे हे सगळ्यांना पटलेलंही होतं.

दुसरा एक नियम होता, तो बायकांसाठी. विटाळाच्या दिवसांत मळ्यात पाय ठेवायचा नाही. घर लिंगायतांचं. घरात असला विटाळ कुणी पाळत नव्हतं. त्या दिवसांतही शांतम्मा स्वयंपाक करायची, हातावर लिंग घेऊन पूजा करायची, आणि गुरुसिद्धप्पा तिच्या हातची भाकर खायचे. गळ्यात लिंग बांधलेल्याला सुतक नाही, हे त्यांनीच तिला अभिमानाने सांगितलं होतं. फक्त मळ्याच्या कवाडाशी आले की हा अभिमान कुठे जायचा कोण जाणे. पानवेल नाजूक, त्याला विटाळाची सावलीसुद्धा सहन होत नाही, असं ते म्हणायचे. शांतम्माला हे पटत नव्हतं, पण सासऱ्याचा मान म्हणून ती पाळत होती.

त्या वर्षी पोळा झाल्यावर एक दिवस वावटळ आली. आली ती मळ्याच्या मावळतीकडच्या अंगावरून गेली. शेवऱ्या वाकल्या, आडोशाचा कूड पडला, वेल जमिनीवर लोळले. घरात कोणी नव्हतं. वीरुपाक्ष पानाच्या टोपल्या घेऊन परभणीला गेला होता, आणि गुरुसिद्धप्पा लेकीकडे. त्यांची लेक गंगम्मा गोदाकाठच्या एका गावात दिली होती; तिच्याही घरी पानमळा होता आणि त्या मळ्यात वेल मरायला लागलेत म्हणून तिने बापाला बोलावणं धाडलं होतं. इकडे सटवाजी एकटा काय करणार? खाली पडलेला वेल संध्याकाळपर्यंत उचलून बांधला नाही तर सुकतो. शांतम्माचे तेच दिवस होते. ती दगडावर क्षणभर उभी राहिली, गळ्यातलं लिंग पदराआडून मुठीत धरलं, पाय धुतले आणि आत गेली. दिवस मावळेपर्यंत ती वेल उचलत होती आणि बांधत होती. पानं खुडणारी धुरपताबाई मदतीला आली होती. तिच्या नजरेतून काही सुटत नसे, आणि तोंडातही काही राहत नसे.

दुसऱ्या दिवशी वावटळीची बातमी वाटेतच कळल्यामुळे गुरुसिद्धप्पा बैलगाडीतून उतरले ते घरी न जाता थेट मळ्यावर आले. लेकीच्या मळ्यात ते वेलांच्या बुडाशी बसून माती उकरून आले होते. पायांना घोट्याच्या वरपर्यंत काळा चिखल वाळून बसला होता. पण तसल्या पायांनी आत जातील तर ते गुरुसिद्धप्पा कसले. ते दगडावर उभे राहिले. शांतम्माने तांब्या ओतला, आणखी एक ओतला. काळं पाणी नाळीतून वाहत कुंपणाखाली गेलं. गंगम्माचा मळा काही वाचत नाही, एवढंच ते म्हणाले, आणि डोळे पुसले. मग आत जाऊन त्यांनी मावळतीकडचे बांधलेले वेल पाहिले. बराच वेळ पाहिले. परत येताना त्यांनी "हं" म्हटलं, आणि त्या दिवशी शांतम्मा पायांवर नव्हे, हवेत चालली.

पुढे भाद्रपदाची झड लागली. ती उघडायच्या आत कवाडाकडचा एक वेल मलूल झाला. सटवाजीला वाटलं, उंदराने मूळ कुरतडलं असेल. मग त्याच्या शेजारचा गेला, मग पाटाकाठची सारी ओळ. पानं आधी तेलकट, पाणी भरल्यागत दिसायची, मग काळी होऊन गळायची. बुडाशी हात लावला तर वेल मातीतून सहज उपसून यायचा. मुळांची साल बोटाला चिकटून निघायची आणि आतून कुजका वास यायचा. गुरुसिद्धप्पांनी तो वास घेतला आणि मूळ पुन्हा नाकाशी नेलं. गंगम्माच्या मळ्यात त्यांनी हाच वास घेतला होता.

आपल्या मळ्याला असं व्हावं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. माझा मळा स्वच्छ, माझ्या मळ्यात धुतल्या पायाशिवाय कुणी येत नाही, मग आलं कुठून? ते दिवसभर हेच बोलत राहिले. आणि असं कुणी विचारत राहिलं की उत्तर द्यायला कुणीतरी निघतंच. धुरपताबाईने पानं मोजता मोजता वावटळीच्या दिवसाचं सांगून टाकलं. वाईट मनाने सांगितलं असं नाही. पोटात राहिना म्हणून सांगितलं. पण आगीत पेंढा पडायचा तो पडला.

गुरुसिद्धप्पांनी शांतम्माला कवाडाशी बोलावलं. सटवाजी, धुरपताबाई, खुडणाऱ्या सगळ्या बाया तिथेच होत्या.

"तू त्या दिवशी आत गेलतीस?"

"गेलते." तिने मान खाली घातली नाही.

"विटाळात?"

"वेल भुईवर पडले व्हते, मामा."

"माझा आज्जा गेला, बाप गेला, कुणी मळ्याला विटाळ होऊ दिला न्हाई. तू कुजवलास. आजपासून माझ्या मळ्यात पाय ठेवू नको."

बायांनी पदर तोंडाला लावले. सटवाजी दुसरीकडे बघायला लागला. शांतम्माचं तोंड लाल झालं, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. तिला फार लागलं होतं. चोरी केली म्हटलं असतं तरी इतकं लागलं नसतं, कारण ज्या हातांनी तिने मळा उचलून उभा केला, त्याच हातांवर हा डाग लागला होता.

"गळ्यात लिंग आसल्यावर विटाळ कुठला, मामा? तुमीच शिकवलंत मला," ती म्हणाली. "तुमचा मळा हाय, तुमी म्हणाल ते. आता तुमी बोलवल्याबिगर मी आत येणार न्हाई. पण बोलवायचं ते हितंच बोलवायचं. ह्या सगळ्यांच्या म्होरं."

आणि ती गेली. तिथून पुढे ती मळ्यावर यायची, दगडाशी उभी राहून येणाऱ्याच्या पायांवर पाणी घालायची, कारण ते घरच्या बाईचं काम होतं; पण कवाडाच्या आत तिने नजरसुद्धा टाकली नाही. घरात सासऱ्याला वेळेवर ताट, वेळेवर पाणी. बोलणं मात्र मिठाएवढं. वीरुपाक्षाने रात्री जेवताना एकदा बापाला म्हणून पाहिलं की मावळतीकडचं सगळं तिनेच वाचवलं. बापाने ताट सरकवलं आणि उठून गेला. तेव्हा वीरुपाक्षाने आयुष्यात पहिल्यांदा बापाला न विचारता एक गोष्ट केली. पानं घेऊन परभणीला गेला तेव्हा तिथल्या सरकारी शेतीच्या फार्मावर जाऊन हात जोडून उभा राहिला, आणि तिथल्या साहेबांना गाडीत घालून घेऊन आला.

साहेब भला माणूस होता. बूट काढा म्हटल्यावर त्याने हसून बूट काढले, पायमोजे काढले आणि दगडावर उभा राहिला. शांतम्माने पाणी घातलं. गुरुसिद्धप्पांनी त्याला पुन्हा पुन्हा बजावलं की या मळ्यात मळक्या पायाचा माणूस कधी आलेला नाही. साहेबाने चांगला रिवाज आहे म्हणून मान डोलावली. आत जाऊन त्याने वेल उपटले, मुळं चिरली, काचेतून पाहिली. मग कुंपणाशी उभं राहून त्याने सगळं नीट उकलून सांगितलं, आणि कुंपणाच्या बाहेर तांब्या घेऊन उभ्या असलेल्या शांतम्माने ते शब्दन्‌शब्द ऐकलं. हा रोग बुरशीसारखा दिसतो, पण त्याची जात पाण्यातली. ओल्या मातीत तो दबा धरून बसतो. पाणी मिळालं की त्यात चक्क पोहत जातो आणि पुढच्या मुळाला धरतो. डोळ्याला दिसत नाही. आजारी वेल मुळासकट काढून जाळा, वाफ्यात पाणी तुंबू देऊ नका, मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून बुडाशी घाला.

"आणि दुसऱ्या आजारी मळ्यातली चिमूटभर माती इथं आली, तरी ती पुरे होते," साहेब म्हणाला.

"ती कशी येईल?" गुरुसिद्धप्पा म्हणाले. "माझ्या मळ्यात पाय धुतल्याबिगर कुणी येतच न्हाई."

साहेब बाहेर आला. चिखलात फिरल्यामुळे त्याचे पाय भरले होते. बूट घालायचे म्हणून तो परत दगडावर उभा राहिला. शांतम्माने तांब्या ओतला. आणि ओतता ओतता तिचा हात तसाच थांबला. मातकट पाणी दगडावरून नाळीत उतरलं, नाळीतून कुंपणाखाली गेलं, फरशीच्या आड दिसेनासं झालं. ते कुठे जातं हे तिला लग्न झाल्यापासून माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. आपल्या मुरमाची माती तांबूस, आणि त्या दिवशी सासऱ्याच्या पायावरून उतरलेलं पाणी काळं होतं. गंगम्माच्या मळ्याचा काळा गाळ. तो तिनेच, स्वतःच्या हाताने, दोन तांबे ओतून पाटात सोडला होता.

साहेब गाडीत बसून निघून गेला. मोरचूद आला, चुना आला, आजारी वेल जळाले. तरी रोज नवा वेल मरत होता. का मरत होता तेही आता शांतम्मा उभ्या उभ्या बघत होती. वेल उपटायला लावलेले गडी चिखलाने भरलेल्या पायांनी उपटलेले वेल जाळायला बाहेर यायचे, परत आत जाताना रिवाजाप्रमाणे दगडावर पाय धुवायचे, आणि उपटून काढलेला रोग नाळीतून पुन्हा पाटात जायचा. जितकी स्वच्छता जास्त, तितकी मर जास्त.

आता सांगायचं की नाही? हा प्रश्न तिला फार जड गेला. ती न बोलावता आत जाणार नव्हती आणि सासरा बोलावणार नव्हता. मळा मेला तर कुणाचा ताठा जिंकला? एक मन म्हणत होतं, मरू दे, कळू दे त्यांना. पण दसरा तोंडावर आला होता. पालखी वेशीत थांबेल, पुजारी विचारील, आणि बाजारातून विकत आणलेला विडा पुढे करावा लागेल, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. सासऱ्याचा तो "हं" तिला आठवला. हा मळा तिचाही होता. पण शब्द तर शब्द. मग तिच्या लक्षात आलं की तिने आत पाय न ठेवायचा शब्द दिलाय, आणि नाळी तर कुंपणाच्या बाहेर आहे.

सकाळी गडी यायच्या आधी ती कुदळ घेऊन आली. आजाने घडवलेली नाळी तिने कुंपणाच्या अलीकडे फोडली, तोंड दगडमातीने गच्च बुजवलं, आणि दगडापासून उताराकडच्या बाभळीपर्यंत नवा चर खणला. तिथून पाणी गाडीवाटेच्या ओघळीला लागून माळाखाली जात होतं. मळ्याकडे थेंब वळणार नव्हता. घाम पुसते तोवर गुरुसिद्धप्पा येऊन उभे होते.

"हे कुणी फोडलं?"

"मी."

त्यांचा आवाज चढला. आजाच्या हातची वस्तू, मळ्याचा प्रसाद, आणि अजून काय काय. आवाज ऐकून सटवाजी धावत आला, वीरुपाक्ष आला. शांतम्माने त्यांना सगळं बोलू दिलं. मग कुदळ खाली ठेवली.

"मामा, गंगम्मावन्संकडून आलात त्या दिशी तुमच्या पायाला काय व्हतं?"

त्यांनी नाळीच्या फुटक्या तोंडाकडे पाहिलं.

"काळा चिखल व्हता. मी ह्याच दगडावर धुतला. पाणी कुठं गेलं?" तिने बोट कवाडाकडच्या वाफ्यांकडे केलं. तिथे आता नुसत्या शेवऱ्या उभ्या होत्या. "साहेबांनी सांगितलं तवा मला कळलं. त्याच्या आदी मला बी म्हाईत नव्हतं, तुमाला बी नव्हतं. तुमी घातला न्हाई, मी घातला न्हाई, दोघांनी मिळून घातला. पण माझ्या इटाळानं मळा कुजला म्हणता, तर आत जाऊन एवढंच बगा, माझ्या हाताची गाठ कुठं हाय आन्‌ तितला वेल कसा हाय. मी येत न्हाई. तुमीच बगा."

गुरुसिद्धप्पांचे डोळे नकळत स्वतःच्या पायांकडे गेले. मग ते नव्या चराच्या कडेला दगडावर उभे राहिले, वीरुपाक्षाने पाणी घातलं, आणि ते एकटेच आत गेले. बाहेरचे सगळे कुंपणाशी सरकले. कुंपणाच्या फटीतून त्यांचा पांढरा सदरा दिसत होता. मावळतीकडे तो एका वेलाशी थांबला, दुसऱ्याशी थांबला, खाली वाकला. म्हातारा एकेका वेलाच्या मागे हात घालून गाठ चाचपत होता. मागे गाठ, टोक आत खुपसलेलं. आणि वेल हिरवागार, शेवरीच्या शेंड्यापर्यंत. त्या बाजूला पाणी थेट विहिरीकाठच्या थारोळ्यातून, म्हणजे हौदातून, जायचं, दगडाच्या नाळीशी त्याचा काही संबंध नव्हता. वावटळीने भुईवर लोळवलेले, विटाळात बांधलेले वेल सगळे जिवंत होते. आणि कवाडाकडे, जिथे तिचा हात लागला नव्हता, तिथे वेल उरला नव्हता.

ते बाहेर आले. सुनेकडे पाहिलं नाही. सटवाजीला म्हणाले, फरशी काढ आणि कुंपणाखालची नाळी आतूनही बुजव, कवाडाकडचा पाट आजपासून बंद, आणि आजारी वाफ्यात जो उतरेल त्याने चांगल्या वाफ्यात जायचं नाही. एवढं बोलून घरी गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. शांतम्माने ताट झाकून ठेवलं. तिला राग नव्हता, पण बोलावणंही आलं नव्हतं.

मर थांबली. एकदम नाही, पाटाकाठचे आणखी काही वेल गेलेच. पण मग एक सकाळ अशी आली की सटवाजी सगळा मळा फिरून रिकाम्या हाताने परत आला आणि कवाडाशी उभा राहून नुसता हसला. कवाडाकडचं अंग उजाड झालं होतं. उरलेला मळा मात्र जोमाने उभा होता.

दसऱ्याच्या सकाळी विड्याची पानं खुडायची असतात. ती घ्यायला देवळातून पुजारी आणि गावची चार जुनी माणसं येतात. ती आली. धुरपताबाई आणि खुडणाऱ्या बाया होत्या, सटवाजी होता. शांतम्मा दगडाशी तांब्या घेऊन उभी होती. पाय धुवून झाले, मंडळी आत जायला निघाली, तेव्हा गुरुसिद्धप्पा म्हणाले, "थांबा जरा."

सगळे थांबले. म्हाताऱ्याने घसा साफ केला. फेटा सावरायला हात वर गेला होता, तो त्यांनी खाली घेतला.

"हितंच मी हिला बोललो व्हतो, हिच्या पायानं मळा कुजला म्हणून. हिच्या पायानं न्हाई. माझ्या पायानं कुजला. लेकीच्या मळ्यातला रोग मी माझ्या पायावर घेऊन आलो आन्‌ आज्ज्याच्या नाळीतून आत सोडला. जो वाचलाय तो हिच्या हातानं वाचलाय." धुरपताबाईने खाली बघितलं. "आन्‌ लिंगवंताच्या सुनंला इटाळ असतो, हे बी मीच बोललो. ते बी खोटं."

मग त्यांनी शांतम्माच्या हातातला तांब्या घेतला. ती मागे सरली. सासऱ्याने सुनेच्या पायावर पाणी घालायचं, असं कुणी पाहिलं नव्हतं. पण म्हाताऱ्याने दगडाकडे बोट केलं आणि तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या ताठपणापुढे तिचं काही चालेना. ती दगडावर चढली. पाणी तिच्या पायांवरून दगडावर, दगडावरून नव्या चरात गेलं आणि बाभळीकडे वाहत राहिलं. सगळे ते पाणी बघत होते. तिच्या डोळ्यांत त्या साऱ्या दिवसांत आलं नव्हतं ते पाणी आता आलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

"चल आत," ते म्हणाले. "मावळतीकडची पानं खुड. तुझ्या गाठीच्या वेलाची."

तिने पानं खुडायची लोखंडी नखी अंगठ्यात चढवली आणि ताठ मानेने आत गेली.

संध्याकाळी पालखी वेशीत थांबली. हलग्या वाजायच्या थांबल्या. विड्याचं तबक शांतम्माच्या हातात होतं, तिच्या एका बाजूला गुरुसिद्धप्पा आणि दुसऱ्या बाजूला वीरुपाक्ष, आणि वीरुपाक्ष आज खाली बघत नव्हता. पुजाऱ्याने विचारलं, "विडा कुणाच्या मळ्याचा?"

गर्दीने सवयीने गुरुसिद्धप्पांकडे पाहिलं. ते गप्प उभे होते. पुजारी थोडा गडबडला, त्याने परत विचारलं. तेव्हा म्हाताऱ्याने सुनेच्या कोपराला हळूच ढोसलं. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग पालखीकडे.

"आमच्या मळ्याचा," ती म्हणाली.

गुरुसिद्धप्पांनी हलगीवाल्यांना हाताने थोपवलं. "मोठ्यानं सांग," ते म्हणाले, "मागच्यांना ऐकू आलं नसंल." आणि शांतम्माने ते परत एकदा सांगितलं, वेशीबाहेर उभ्या असलेल्या माणसांनाही ऐकू जाईल असं.